मार्सेलिसचं भाडं

अप्पा, तुम्ही तारखा का कापल्यात? आधी एवढं एकच सांगा, बाकीचं नंतर विचारते.

परवा पुण्याहून एक मुलगी आली होती. जुन्या जाहिरातींवर पीएच.डी. करतेय. तुमच्या शाळेतल्या कुणीतरी तिला सांगितलं, नाशकात चित्रकलेचे एक मास्तर होते, त्यांच्याकडे शंभर वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींच्या पेट्याच्या पेट्या भरलेल्या आहेत. बिचारी सकाळच्या बसनं आली आणि चहासुद्धा न घेता फरशीवर मांडी घालून बसली. मी पत्र्याच्या पेट्या उघडून दिल्या. अंगाचे साबण, डोक्याचं तेल, घासलेटचे दिवे, शिवणयंत्रं, कोळशावरचे कुकर, चिनी मातीच्या बरण्या, वादीचे बूट, बिनवादीचे बूट, आणि धूर सोडत निघालेल्या तुमच्या त्या आगबोटी. पोरगी एकेक पुठ्ठा उचलून उजेडात धरत होती. "काकू, हे सोनं आहे," असं दोनतीनदा म्हणाली. आई खाटेवरून बघत होती. तिच्या तोंडावर मी इतक्या वर्षांत प्रथमच तुमच्याबद्दल थोडासा अभिमान पाहिला. मग त्या मुलीनं वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "काकू, यावर तारीख कुठे आहे?"

"कसली तारीख?"

"पेपरची. कुठल्या पेपरातली आणि कुठल्या सालची, ते कळायला हवं ना."

मी पुठ्ठा हातात घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. अप्पा, तुम्ही स्टीलची पट्टी लावून, ब्लेडनं, बरोबर चौकटीच्या रेघेवर कापलंय. केसभरसुद्धा बाहेर नाही. पेपराचं नाव नाही, साल नाही, पानाचा आकडा नाही. शाळेत पोरांना समासावरून मारायचात ते आठवलं. मुलगी म्हणाली, मागच्या बाजूला बातमी असेल तर त्यावरून काहीतरी अंदाज बांधता येईल. मागची बाजू? ती तर तुम्ही खळ लावून पुठ्ठ्याला घट्ट चिकटवलीत. खळीत मोरचूद घातलात, म्हणून कसर लागली नाही, एवढं खरं. पण कागद काही पुठ्ठ्यावरून सुटत नाही. शेवटी तिनं फार आशेनं विचारलं, "मग उरलेला पेपर? तो कुठे ठेवलाय?"

"बंबात घातला," आई खाटेवरून म्हणाली.

त्या मुलीला वाटलं, अग्निशमन दलाला दिला. तिनं तसं लिहूनही घेतलं. मग मला तिला समजावून सांगावं लागलं की पूर्वी घरोघरी आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब असायचा, त्यात गोवऱ्या, ढलप्या, शेंगांची टरफलं घालायचे, आणि आमचे वडील त्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सगळ्या बातम्या घालायचे. मुलगी हसली नाही. मोबाइलवर थोडे फोटो काढले, नमस्कार केला आणि दुपारच्या बसनं परत गेली. जाताना दारात म्हणाली, "चित्रं सुंदर आहेत हो, पण मला वापरता येणार नाहीत." मला इतका राग आला तुमचा! भद्रकालीतल्या रद्दीवाल्याकडून गठ्ठे उचलून आणायचात, मोडीत निघालेल्या वाचनालयातून बांधीव अंक सायकलला लावून आणायचात, रविवारचा दिवस दिवस कापत बसायचात. एवढा सगळा खटाटोप, आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं चार अक्षरं लिहायला काय झालं होतं तुम्हाला?

हे सगळं आत्ता निघालं, कारण आपली इमारत पाडायची ठरलीय. बिल्डर तिथे मोठी बांधणार आहे. सगळ्यांनी घरं रिकामी करायची आहेत. आई माझ्याकडे इंदिरानगरला येतेय. तिनं तिचं सामान एका दिवसात आवरलं. चार लुगडी, देवघर, पाट्यावरवंटा. तुम्ही गेलात तरी तुमचं मात्र आवरता आवरत नव्हतं.

तुम्हाला तो कोळशावरचा कुकर आठवतो का? आठवत असणारच, जाहिरातींतल्या सगळ्या वस्तूंपैकी तेवढीच एक तुम्ही प्रत्यक्ष घरात आणलीत. जुन्या बाजारात सापडला म्हणून नाचत आला होतात. पितळेचा उंच डबा, आत एकावर एक तीन भांडी, खाली निखाऱ्यांचा कप्पा. जाहिरातीत एक बाई खुर्चीत बसून पुस्तक वाचतेय आणि शेजारी कुकर आपला आपला स्वयंपाक करतोय. धूर नाही, ढवळणे नाही, बाईला जवळ बसावे लागत नाही, असं काहीसं खाली लिहिलेलं. मी तेव्हा चौथीत असेन. आई ओट्यापाशी उभी आहे, पदर खोचलेला आहे, आणि तुम्ही तिला घराबाहेर काढताय. "तू जा. घाटावर जा, देवळात जा, कुठेही जा. जाहिरातीत तसंच लिहिलंय. तू इथे बसलीस तर प्रयोग होणार नाही." आई म्हणतेय, "अहो, निखारे तरी नीट पेटू द्या." तुम्ही ऐकत नाही. आम्ही दोघी गोदाघाटावर जाऊन बसलो. आईनं मला भेळ घेऊन दिली. स्वयंपाकाच्या वेळी रिकाम्या हातानं बाहेर बसण्याची तिला सवय नव्हती, सारखी घराच्या दिशेनं मान वळवत होती. आणि परत आलो तर दारातून धूर! शेजारच्या काकू बादली घेऊन उभ्या. तुम्ही आत खोकताय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, हातात तो पुठ्ठा आहे. आणि पहिलं वाक्य काय, तर "जाहिरातीत धूर नाही असं स्पष्ट म्हटलंय." तांदूळ कच्चे, डाळ दगड, आणि तळातली भाजी कोळसा. आईनं स्टोव्ह पेटवला आणि पिठलं टाकलं. जेवताना एवढंच म्हणाली, "त्या खुर्चीतल्या बाईला विचारा, तिच्या घरी लेकरं नव्हती का?" तुम्ही त्यावर इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. तुम्ही हसलात की आमचा राग अर्ध्यावर तुटायचा. ही तुमची जुनी सवय, आणि मला ती मुळीच आवडत नसे.

बुटांचं मात्र मी अजून माफ केलेलं नाही. पाचवीत गेले तेव्हा जुने बूट बोटांना लागायला लागले. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिलेले. आई म्हणाली, मेन रोडला जाऊन घेऊन या. तुम्ही म्हणालात, "बाजारात काय मिळतं हल्ली? पुठ्ठ्याचे तळवे." आणि पेटीतून कानपूरच्या एका दुकानाची जाहिरात काढलीत. आपल्या पायाचे माप कागदावर काढून पाठवावे, बूट टपालाने घरपोच मिळतील. शाळेतला मोठा ड्रॉइंगचा कागद शहाबादी फरशीवर अंथरलात. मी त्यावर उभी आहे. तुम्ही गुडघ्यावर बसून पेन्सिल अगदी सरळ धरून माझ्या पायाभोवती फिरवताय. मला गुदगुल्या होतायत. "हलू नकोस ताई. माप चुकलं तर बूट चुकतील." आई पोळ्या लाटता लाटता विचारते, "अहो, पण ते दुकान अजून असंल का?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "असेलही. चांगलं दुकान होतं." होतं म्हणे! जसं काही दर दिवाळीला तुम्ही तिथे जात होतात.

ते पाकीट तुम्ही रजिस्टर टपालानं पाठवलंत. आणि मी सगळा जून रबरी चपला घालून शाळेत. तुमच्याच शाळेत, अप्पा. पी.टी.चे सर प्रार्थनेच्या वेळी मला ओळीतून बाहेर काढतायत, "बूट कुठे आहेत?" मी खाली मान घालून म्हणते, "येणार आहेत सर, कानपूरहून." सगळी मुलं हसतायत. तुम्ही समोर व्यासपीठावर, बाकीच्या शिक्षकांबरोबर हात मागे बांधून उभे आणि आभाळाकडे बघताय. पाऊस येतोय का ते बघत असल्यासारखे. मग एक दिवस ते पाकीट परत आलं. त्यावर तिकडच्या पोस्टमननं हिंदीत लिहिलं होतं, या नावाचं इथे कुणी नाही. मला रडू फुटलं. आणि तुम्ही? तुम्ही खूष! "बघ ताई, गल्ली तीच आहे. पोस्टमन तिथपर्यंत गेला होता, दारं ठोठावली त्यानं." त्याच संध्याकाळी आई माझा हात धरून तरातरा मेन रोडला गेली आणि मला काळे बूट घेऊन दिले. वाटेत ती पुटपुटत होती, "मेलेल्या दुकानाला पत्रं लिहायची, अन् जिवंत पोरगी अनवाणी."

आणि आगबोटी. त्यांचं तर काय सांगू. बाकीच्या मुली पाढे म्हणायच्या, मला तुम्ही सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेताना बंदरं म्हणायला लावायचात. मुंबई, एडन, सुएझ, पोर्ट सईद, मार्सेलिस, लंडन. पहिल्या वर्गाचं भाडं, दुसऱ्या वर्गाचं भाडं, डेकवरच्या उतारूंचं भाडं. शाकाहारी उतारूंसाठी वेगळा आचारी. दर शनिवारी सुटणार. निफाडहून आजोळची माणसं आली की मला मधे उभं करायचात आणि विचारायचात, "मार्सेलिसचं भाडं किती?" मी घडाघडा सांगायचे. मामा तोंडात बोट घालायचे आणि आजोबा विचारायचे, "हे मार्सेलीस लासलगावच्या पुढं लागतं का?" सगळे हसायचे. मला मात्र ते खरं वाटायचं. मला वाटायचं, आपल्याला जायचंय म्हणून पाठ करून घेतायत. एकदा मुंबईला लग्नाला गेलो होतो तेव्हा आई म्हणाली, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते, एकदा बसू या की. तुम्ही काय म्हणालात आठवतं? "त्याला आगबोट म्हणत नाहीत." झालं. ना ही बोट ना ती. आईनं आजतागायत बोटीत पाय ठेवलेला नाही.

एवढं सगळं मी सहन केलं, कारण मला वाटायचं, आपल्या वडिलांना जगाची ओढ आहे. मास्तरकीच्या पगारात जाता येत नाही, म्हणून कागदावर जातायत. असं मी मैत्रिणींना सांगायचेसुद्धा, जरा तोऱ्यात. म्हणून मस्कतची जाहिरात आली तेव्हा मला खात्री होती, तुम्ही हो म्हणाल.

मी तेव्हा फार्मसी करून शालिमारजवळच्या औषधांच्या दुकानात नोकरीला होते. इंग्रजी पेपरात आलं होतं, मस्कतच्या एका दवाखान्याला फार्मासिस्ट हवेत, मुली चालतील, राहण्याची सोय आहे. मी तुमचंच ब्लेड घेतलं, तुमचीच पट्टी लावली आणि ती जाहिरात कापली. मागे तारीख लिहिली, हो, मी लिहिली. रविवारी सकाळी तुम्ही भिंग घेऊन बसला होतात, तेव्हा तुमच्या पुढ्यात ठेवली. तुम्ही ती भिंगाखाली धरलीत. बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "अक्षरं दाटीवाटीनं बसवलीत. चौकट नाही. पत्ता नाही, नुसता बॉक्स नंबर."

"अप्पा, मी अक्षरांचं विचारत नाहीये. मी जाऊ का, ते विचारतेय."

तुम्ही भिंग पुसलंत. "मुलाखतीला जाऊन ये. अनुभव येईल."

मामांना बरोबर घेऊन पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला गेले. मुलाखत एका हॉटेलात झाली. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा आईनं जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना पेढे वाटले. तुम्ही एक पेढा खाल्लात. म्हणालात, मला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या कामाला मुंबईला जायचंच आहे, जाता जाता त्या लोकांची चौकशी करून येतो. गेलात. दुसऱ्या दिवशी दुपारी आलात. मोरीवर पाय धुतलेत, टॉवेलनं बराच वेळ पुसत बसलात. आई तुमच्याजवळ उभी होती. मग बाहेर येऊन खुर्चीत बसलात आणि मला म्हणालात, "बॉक्स नंबरवाल्यांचं काही खरं नसतं. चौकशी केली मी. बरोबर वाटत नाही."

"म्हणजे काय बरोबर वाटत नाही?"

"ताई, जाहिरात बघायची असते. तिच्या नादाला लागायचं नसतं."

आवाज चढवला नाहीत, पण त्या आवाजापुढे बोलायची सोय नव्हती. मी हो म्हणून मान हलवली. तुम्ही म्हणालात म्हणजे ती खोटीच असणार. जाहिरातींतलं तुमच्याइतकं कुणाला कळत होतं? पुढे वर्षभरात माझं लग्न झालं. यांचं आणि माझं मेडिकलचं दुकान झालं. चांगलं चाललंय, तक्रार नाही. पण अप्पा, इतकी वर्षं मी काउंटरवर उभी राहून हा किस्सा सांगत आलेय. आमच्याकडे शिकायला मुली येतात, त्यातली एखादी दुबईचं नाव काढते, कतारचं नाव काढते, की मी सुरू. माझे वडील हुशार, त्यांनी नुसत्या अक्षरांवरून ओळखलं, वाचले मी, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. दोघीतिघींनी तर माझं ऐकून जायचं रद्द केलं असेल. मला वाटायचं, मी त्यांचं भलं करतेय.

परवा ती पुण्याची मुलगी गेल्यावर मी चिडून पुठ्ठे पेटीत आपटत होते. आई खाटेवर बसून मेथी निवडत होती. मी म्हटलं, "आयुष्यभर कागद कापले, त्याचा कुणाला उपयोग नाही. एकच काम झालं त्या नादामुळे, माझी ती मस्कतची खोटी जाहिरात ओळखली त्यांनी."

आईनं मेथीची काडी मोडली. "खोटी कुठं होती?"

मी वळून बघितलं. मला वाटलं, म्हातारपणामुळे काहीतरी सरमिसळ होतेय तिची.

"खोटी नव्हती बाई ती. लय मोठं हापिस होतं म्हणले. लिफ्ट होती. सायबानं बसवून घेतलं, चहा पाजला. दवाखान्याचे फोटो दाखवले, पोरींच्या ऱ्हायच्या खोल्यांचे दाखवले. आधी गेलेल्या एका पोरीचा बाप पैसे न्यायला आला होता, त्याच्याशी बी बोलले. तो म्हणाला, पोरगी सुखात हाय."

"हे तुला अप्पांनी सांगितलं?"

"मोरीपाशी. पाय धुता धुता. म्हणले, अगं, जाहिरात खरी हाय."

"मग मला जाऊ नको का म्हणाले?"

"तेच तर मी इचारलं." आईनं पदरातली पानं टोपलीत टाकली. "तर म्हणले, खरी हाय म्हणून तर."

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, कुणाचं तरी कपाट जिन्यातून उतरवत होते. मग मी आईवरच घसरले. इतकी वर्षं तू गप्प का बसलीस, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "मी भांडले ना त्यांच्याशी. दोन दिवस बोलले नाय. पण तू कुठं भांडलीस? मी दारात उभी होते, म्हटलं आता पोरगी बोलंल, आता बोलंल. तू तर लगेच मान हलवली. मग मी कुणासाठी भांडायचं?" आणि परत मेथीला लागली. तिचं वय झालंय, ऐकू कमी येतं, पण असं काही बोलते ना मधेच, की माणसानं उठून दुसऱ्या खोलीत जावं. मी गेले. तिथेही तुमच्याच पेट्या.

आता मला सांगा, हे काय वागणं झालं? शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या कंपनीची बोट दर शनिवारी सुटणार, यावर तुमचा विश्वास. कानपूरच्या मेलेल्या दुकानावर विश्वास. आणि ज्या जाहिरातीमागे खरोखर माणूस बसलाय, जो चहा पाजतो, फोटो दाखवतो, ती एकच जाहिरात तुम्हाला चालली नाही. नाही म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचं. मला भीती वाटते म्हणायचं. तू गेलीस तर मला करमणार नाही म्हणायचं. मी ऐकलं असतं की नसतं, ते माझं मी बघितलं असतं. पण तुम्ही त्या अनोळखी साहेबाला खोटं पाडलंत, ज्यानं तुम्हाला बसवून चहा दिला. आणि मला त्या खोट्याची प्रचारक करून ठेवलंत, पगाराशिवाय. काल दुकानात आमच्याकडे काम करणारी मुलगी भीत भीत म्हणाली, "मॅडम, बहारीनला जागा निघालीय, भरू का अर्ज?" माझ्या तोंडात तो किस्सा तयार होता. मी तो गिळला. म्हटलं, "भर. आणि तुझे वडील चौकशीला जाणार असतील, तर तूही बरोबर जा." तिला कळलं नाही मी असं का म्हणाले. ती हो म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

पेट्यांचं झालं एकदाचं. तुमच्या शाळेत हल्ली जे चित्रकलेचे सर आहेत, ते काल स्कूटरवर आले. तरुण आहेत, दाढी ठेवतात. त्यांनी पुठ्ठे बघितले आणि म्हणाले, "मुलांना अक्षरं काढायला शिकवायला हे फार कामाला येईल, आजकाल कोण इतकं सुबक काढतं?" तारीख विचारली नाही. मी सगळं देऊन टाकलं. आगबोटीसुद्धा दिल्या. आठवण म्हणून एखादी ठेवावी असं यांनी सुचवलं, मी नको म्हटलं. आईनं फक्त रिकाम्या पेट्या मागून घेतल्या, गोधड्या ठेवायला. सर दोन खेपा करून घेऊन गेले. दुसऱ्या खेपेला आईनं त्यांना थांबवून विचारलं, "तुम्हाला लेक हाय का?" ते म्हणाले, "आहे, तीन वर्षांची." आई म्हणाली, "बरं," आणि आत गेली.

आत्ता दुपारची वेळ आहे. दुकानाचं शटर अर्धं ओढलंय, हे घरी जेवायला गेलेत, आणि मी बिलाच्या कोऱ्या कागदांवर हे लिहितेय. घरी नेणार नाही. आईनं बघितलं तर वाचून दाखव म्हणेल, आणि हा शेवटचा भाग मला तिला वाचून दाखवायचा नाही.

मुलाखतीच्या दिवशी मुलाखत घेणाऱ्या साहेबानं मला विचारलं होतं, कधी रुजू व्हाल? मी ताठ मानेनं म्हटलं, पुढच्या महिन्यात. परतीच्या गाडीत मामा झोपले होते. कसाऱ्याला घाटासाठी मागून इंजिन जोडत होते, गाडी थांबलेली होती. खिडकीतून नुसती दरी दिसत होती. कुठलं मस्कत, कोण ती माणसं, आजारी पडले तर कोण, भाषा कुठली. त्या क्षणी मी मनात म्हटलं, अप्पा नाही म्हणू देत. त्यांनी नाही म्हटलं की प्रश्नच मिटला, माझ्यावर येणार नाही. घाट चढेपर्यंत मी हेच घोकत होते. इगतपुरीला गार वारा आला, चहा घेतला, आणि देवळाली येईपर्यंत ते सगळं ओसरलं. नाशिकरोडला उतरले तेव्हा मला जायचंच होतं, अगदी नक्की.

पण तुम्ही खुर्चीत बसून नाही म्हणालात, तेव्हा अप्पा, मान हलवली ती कसाऱ्याला थांबलेल्या मुलीनं. दुसरी, जिला जायचं होतं, ती मागे उभी होती, आणि मी तिला बोलू दिलं नाही.